दादाच्या पाट्या बघायला

आमचा दादा पाट्या करायचा. दुकानांच्या नाहीत आणि घरांच्याही नाहीत, जंगलांच्या. राष्ट्रीय उद्यानांमध्ये, डोंगरातल्या पायवाटांवर, समुद्रकिनाऱ्यांवर लाकडी पाट्या उभ्या असतात ना, ‘पुढे कडा आहे’, ‘शेकोटी पूर्ण विझवूनच निघावे’, ‘हरणांना खायला घालू नये’, तसल्या. लाकडाच्या वखारीमागे एक लांबट शेड होती, तिथे त्याने सगळी उमेद घालवली. उमेद घालवली म्हणजे वाया घालवली असं नव्हे, कामी लावली.

शेडमध्ये खिडकीजवळचं टेबल त्याचं. वनखात्याकडून मजकूर यायचा, सोबत लांबी-रुंदी. दादा फळी रंधून घ्यायचा, पेन्सिलने अक्षरं आखायचा, मग पटाशी आणि लाकडी हातोडी घेऊन एकेक अक्षर खोल कोरायचा. खाचेत रंग भरायचा, फळीला तेल पाजायचा आणि भिंतीला उभी करून दाराशी जाऊन बघायचा. दारातून वाचता आली तरच पाटी पास. शेडमधले सगळे त्याला मास्तर म्हणायचे, कारण तो अक्षरांवरून लोकांना शाळेतल्यासारखा ओरडायचा. तसा आवाज चढवणारा माणूस नाही. पण एकदा एका नव्या कारागिराने ‘पुढे धोका आहे’ऐवजी ‘पुढे घोका आहे’ कोरलं, तेव्हा दादा म्हणाला, “अरे, लोक काय तिथे परीक्षेला बसायला चाललेत? ध उघडा ठेव, घ वर रेघ घे. लांबून बघणाऱ्या माणसाला तू उलगडून सांगायला जाणार आहेस का?” आणि ती सगळी पाटी त्याने पुन्हा रंधायला लावली.

महिन्यातून एकदा ट्रक यायचा, पाट्या भरायच्या, ट्रक जायचा. त्या कुठे उभ्या राहतात हे दादाने कधी पाहिलं नाही. त्याला ठिकाणांची नावं सगळी पाठ. कुठल्या धबधब्याच्या नावात जोडाक्षर आहे, कुठल्या दरीचं नाव एका ओळीत मावत नाही, हे तो झोपेतही सांगेल. पण तो धबधबा पांढरा दिसतो की नुसता ओला, हे त्याला ठाऊक नव्हतं. परगावी त्याला झोप लागायची नाही. लग्नाला गेला तर जेवून संध्याकाळच्या गाडीने परत. आधी आमच्या आईचं आजारपण, मग त्याच्या मुलीचं शिक्षण, अशी कारणं होतीही. पण खरं सांगायचं तर त्याला घर सोडवत नसे.

वहिनीचं बरोबर उलटं. ती शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. सकाळी मुलं गोळा करायची, दुपारी घरोघर सोडायची. रस्त्यात कुठे किती खड्डे आहेत ते तिला तोंडपाठ, आणि प्रत्येक घरात काय चाललंय तेही. दारासमोर गाडी थांबली की ती तीनदा हॉर्न वाजवते, दोन छोटे आणि एक लांब. त्याचा अर्थ ‘चला, उशीर होतोय’ असा आहे हे आमच्या भागातल्या कुत्र्यांनाही कळतं. ती बोलत असते आणि दादा ऐकत असतो, त्यामुळे दोघांचं छान चाललं.

मग शेड बंद झाली. वनखात्याने पत्र्याच्या छापील पाट्या घ्यायला सुरुवात केली. यंत्रात मजकूर घातला की तासाभरात पाटी तयार. मालक भला माणूस होता, त्याने सगळ्यांना बोलावून नीट सांगितलं, हातात हात घेतला. दादा घरी आला तो कापडात गुंडाळलेल्या पटाश्या काखेत मारून. मी विचारलं, “दादा, वाईट वाटतंय का?” तर म्हणाला, “लाकूड कुजतं, पत्रा कुजत नाही. त्यांचं बरोबर आहे.” एवढंच. पण तो घरात बसला तो बसलाच. आधी सगळे ड्रॉवर दुरुस्त केले. मग दारांच्या बिजागऱ्या. मग स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर नावं लिहिली. वहिनी मला म्हणाली, “मिठाच्या बरणीवर एवढं दणदणीत ‘मीठ’ लिहिलंय की आमटीत घालताना हात थरथरतो. काहीतरी करायला हवं गं.”

तिने काय करायचं ठरवलं ते तिने आम्हाला जेवताना सांगितलं. शाळेला सुट्टी लागणार होती. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच होते.

“मी व्हॅनच्या मागच्या सीटा काढतेय,” वहिनी म्हणाली.

“का? मुलं कुठे बसणार?” दादाने विचारलं.

“सुट्टीत मुलं नाहीत. आपण बसणार. बसणार आणि झोपणारही. तंबू घेऊ, स्टोव्ह घेऊ. आधी जंगलं करू, मग समुद्राकाठाने खाली येऊ.”

“कशाला? घर आहे की आपल्याला.”

वहिनीने वाटी खाली ठेवली. “अहो, इतकी वर्षं तुम्ही पाट्या केल्यात. त्या कुठे उभ्या आहेत ते मला बघायचंय. तुम्हाला नसेल बघायचं तर राहा घरी. मी एकटी जाईन आणि येऊन तुम्हाला सांगेन.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, “झोपायला फळी लागेल. तुला फळीतलं काय कळतं? मी बघतो.”

फळी त्याने निवडली ती अशी जाडजूड, की वहिनी म्हणाली, “आपण दोघंच झोपणार आहोत ना, की हत्ती घ्यायचाय सोबत?” दादाने ती रंधली, तेल पाजलं, कडा गोल केल्या, खाली चार पाय दिले. निघायच्या दिवशी वहिनीला स्टोव्हच्या खोक्यामागे कापडाची गुंडाळी सापडली. “या पटाश्या कशाला?” तर म्हणे, तंबूच्या खुंट्या तासायला. खुंट्या लोखंडी होत्या. वहिनी काही बोलली नाही, आणि ही तिच्या आयुष्यातली मोठीच गोष्ट.

पहिल्या उद्यानाच्या फाटकाशी पोचले तेव्हा वहिनी ड्रायव्हर सीटवरून अर्धी बाहेर वाकली होती. तिथली पाटी दादाच्या हातची सगळ्यात मोठी. ती ट्रकमध्ये तिरपी घालावी लागली होती आणि त्या दिवशी अख्खी शेड ढकलायला आली होती, असं तिने पंचवीसदा ऐकलेलं. फाटकाशी पत्र्याची पाटी होती. हिरवी, गुळगुळीत, कोपऱ्यात हरणाचं चित्र. जुनीचे दोन खांब कापलेले, जमिनीतून वितभर वर आलेले.

“मला वाटलं, चूक झाली आपली,” वहिनी मला नंतर म्हणाली. “मी या माणसाला घरातून उपटून काय दाखवायला आणलं? तर खांब. गाडी वळवावी असं वाटलं.”

दादा खाली उतरला, पत्र्याच्या पाटीसमोर उभा राहिला, वाचली, दूर गेला, परत वाचली. येऊन म्हणाला, “हरीण छान काढलंय.” आणि गाडीत बसला. त्या मुक्कामी त्याने तंबू असा ठोकला की चारी दोऱ्या एका मापाच्या. व्हॅनच्या चाकाखाली दगड सारून, पाणसळ लावून फळी सपाट केली. चहा केला. पण तोंडातून चकार शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जुन्या झाडांच्या वाटेने चालायला गेले. त्या जंगलातली झाडं म्हणे एवढी थोराड, की बुंध्याभोवती सहा माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाहीत. वाट ओली, खाली पानांचा गालिचा, वर पक्ष्यांचा गोंगाट. एका वळणावर वहिनी पुढे होती, ती थबकली.

पाटी होती. लाकडाची, दादाची. ‘झाडांवर नावे कोरू नयेत’ असं तिच्यावर कोरलेलं. आणि त्या पाटीवर, वर-खाली, मधल्या रिकाम्या जागेत, कडांवर, मागच्या बाजूलासुद्धा, लोकांनी नावं कोरली होती. बदाम, बाण, तारखा. ‘झाडांवर’मधल्या झ च्या पोटात कुणीतरी आपलं नि बायकोचं आद्याक्षर बसवलं होतं.

वहिनीचा पारा चढला. “काय माणसं आहेत. यांना लाज नाही? एवढ्या कष्टाने केलेली पाटी,” असं तिचं सुरू झालं. दादा मात्र पाटीजवळ गेलाच नाही. तो झाडांकडे गेला. एका बुंध्याला वळसा घातला, दुसऱ्याला घातला, हात फिरवत फिरवत वाटेच्या पुढच्या वळणापर्यंत जाऊन आला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

“अगं, एकाही झाडावर नाव नाही,” तो म्हणाला. “एकाही. सगळ्यांनी पाटीवरच भागवलं.”

“म्हणून काय झालं?”

“म्हणून काय म्हणजे? झाडं वाचली. पाटीने आपलं काम केलं.” मग तो पाटीजवळ वाकून ती नावं वाचू लागला आणि शिक्षकासारखा म्हणाला, “हा एक जण चांगला कोरतो हं. हात स्थिर आहे.”

तिथून तो मोकळा झाला. वहिनी गाडी चालवायची आणि दादा नकाशा मांडीवर घेऊन बोलायचा. चक्क बोलायचा. “आता धबधबा येईल, त्याच्या नावात दोन जोडाक्षरं आहेत, मला दोन दिवस लागले होते.” धबधबा आला की पाटी आधी बघायची, पाणी नंतर. धबधबा पांढराही होता आणि ओलाही. दोघं तुषारांत चिंब झाले आणि दादाने सदरा वाळत टाकून उन्हात उघड्या अंगाने चहा प्यायला, ही बातमी वहिनीने मला फोनवर अशा आवाजात दिली जसं काही तो पोहून समुद्र पार करून आला होता. काही पाट्या पडल्या होत्या. काहींवर शेवाळ चढलं होतं, रंग उडून गेला होता, पण खाच खोल असल्यामुळे वाचता येत होत्या. एका पाटीवर खार बसली होती, ती उठेना, तेव्हा दादा थांबून राहिला. “तिला वाचू दे,” म्हणाला.

कड्याच्या टोकावर तर रांगच लागली होती. ‘येथे वाट संपते’ असं लिहिलेल्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढायचा तिथे रिवाज पडला होता. मागे दरी, ढग, आणि पुढे पाटीवर हात ठेवून हसणारी माणसं. एका नवविवाहित जोडप्याने दादाच्या हातात फोन दिला. “काका, आमचा एक काढता का? पाटी पूर्ण येऊ द्या.” दादाने अगदी मन लावून काढला. वहिनीला राहवेना.

“पाटी पूर्ण येणारच,” ती म्हणाली. “ती यांनीच केलीय.”

जोडप्याला आधी ती गंमत करतेय असं वाटलं. मग त्या मुलीने विचारलं, “खरंच? ही पाटी?”

“ही, खालच्या वळणावरची, धबधब्याची. तुम्ही आज सकाळपासून ज्या ज्या पाटीचं ऐकलंत, ती यांची.”

दादा तोवर काढता पाय घेत होता. त्या मुलीने त्याला दंडाला धरून आणलं आणि पाटीशेजारी उभं केलं. तो फोटो आमच्याकडे आहे. दादा फोटोत नेहमी पोलिसाने पकडल्यासारखा दिसतो. याही फोटोत खांदे आवळलेलेच आहेत. पण हात पाटीच्या वरच्या कडेवर आहे, आणि तो हात काही लाजत नाहीये. रांगेतली माणसं एकमेकांना सांगत होती, आणि मागच्या एका म्हाताऱ्याने त्याला नमस्कार केला. वहिनी म्हणते, मी लग्नात जेवढी मिरवले नव्हते तेवढी तिथे मिरवले.

जंगलं संपली आणि ते समुद्राकाठाला लागले. तिथे हवाच निराळी. तंबूत वाळू, चहात वाळू, दादाच्या चष्म्याच्या बिजागरीत वाळू. सकाळी लांब चालायचं, दुपारी गाडीच्या सावलीत पडायचं. दादाला परगावी झोप लागत नाही हे तो स्वतःच विसरून गेला होता. वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे तो असा घोरायचा की लाटा ऐकू यायच्या नाहीत.

एका सकाळी ते एका लहानशा कोनाड्यासारख्या किनाऱ्यावर उतरले. दोन्ही बाजूंना उंच कडे, मध्ये वाळू, आणि डाव्या हाताला पाण्यात ओळीने उभे असलेले काळे खडक. दादा वाळूवर पाऊल टाकून उभाच राहिला.

“ही जागा मला माहितीये,” तो म्हणाला.

“तुम्ही कधी आलात इथे?”

“आलो नाही. केलीय. ‘भरतीच्या वेळी तिसऱ्या खडकापुढे जाऊ नये. परतीची वाट बुडते.’ ही पाटी मी तीनदा केली. खारं वारं तिला खायचं, मग पुन्हा मागणी यायची. भ आणि म लांबून सारखे दिसतात म्हणून मी भ ची गाठ मोठी काढली होती.” त्याने बोटाने मोजले. “एक, दोन, तीन. हाच तो.”

पाटी होती, पायवाट वाळूला लागते तिथेच. पत्र्याची. पण समुद्राच्या उन्हाने आणि खारट वाऱ्याने तिच्यावरचा सगळा छाप नाहीसा केला होता. पांढरी, कोरी पाटी, खालून गंजायला लागलेली. दादाने तिच्यावर तळवा फिरवला. हाताला काही लागलं नाही.

तेवढ्यात वहिनीला लांब हसण्याचा आवाज आला. तिसऱ्या खडकाच्या पलीकडे, कड्याच्या पायाशी, चार माणसं शिंपले वेचत होती. आई-बाप आणि दोन लहान मुली. आणि पहिल्या खडकाभोवती, जिथे मघाशी ओली वाळू होती, तिथे आता पाणी फिरू लागलं होतं.

दादा धावला. त्याला धावताना मी शेवटचं बघितलं ते आम्ही लहान असताना. तो पाण्याच्या काठापर्यंत गेला आणि ओरडला, “मागे या, भरती आहे,” पण वारा समोरून होता, शब्द त्याच्याच तोंडात परत येत होते. त्यांच्यातल्या बापाने एकदा वर पाहिलं आणि हसून हात हलवला. त्याला वाटलं, कुणीतरी नमस्कार करतंय.

वहिनी त्याच्या मागे गेली नाही. ती उलट्या बाजूला, व्हॅनकडे पळाली. दार उघडून तिने हॉर्नवर हात ठेवला. दोन छोटे, एक लांब. दोन छोटे, एक लांब. त्या दोन कड्यांच्या मध्ये तो आवाज असा घुमला की खडकांवरचे पक्षी उठले. आता ती चारही माणसं वळून बघू लागली. दादा पाण्यात गुडघाभर उभा राहून दोन्ही हातांनी ‘इकडे, इकडे’ करत होता. बापाने दादाकडे पाहिलं, मग दादाच्या पायांकडे, मग मधल्या पाण्याकडे, आणि त्याला कळलं.

धाकटीला त्याने खांद्यावर घेतलं, थोरलीला आईने काखेत. दुसऱ्या खडकापाशी पाणी आईच्या कमरेला लागलं. लाट आली की ती खडकाला धरून थांबायची. दादा पुढे गेला, छातीइतक्या पाण्यात. पोहता त्याला येत नाही हे वहिनीला ठाऊक होतं, आणि तो का जातोय हेही तिला ठाऊक होतं, म्हणून तिने हाक मारली नाही, हॉर्न मात्र सोडला नाही. दादाने एका हाताने खडकाची कपार पकडली आणि दुसऱ्या हाताने थोरल्या मुलीला आईकडून घेतलं. मग एकामागून एक सगळे बाहेर आले. थोड्याच वेळात तिसरा खडक अर्धा पाण्यात गेला होता आणि ते शिंपले वेचत होते ती वाळू दिसेनाशी झाली होती.

वहिनीने सगळ्यांना टॉवेल दिले, चहा दिला. मुलींना बिस्किटं दिली. त्यातली धाकटी म्हणाली, “आजी, तुमची गाडी किती रागावते.” आई चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली होती, ओठ निळे पडलेले. ती हळूच म्हणाली, “आम्ही बघितलं होतं हो. पाटी आहे का ते बघितलं. पाटी होती, पण तिच्यावर काहीच नव्हतं.”

दादाने ते ऐकलं. ती माणसं निघून गेल्यावर त्याने ओले कपडे बदलले आणि व्हॅनमध्ये शिरला. वहिनीला आतून गाद्या सरकवल्याचा आवाज आला.

“काय करताय?”

“फळी काढतोय.”

“आणि झोपायचं कशावर?”

“वाळू मऊ आहे,” दादा म्हणाला.

वहिनीने एक टोक धरलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दादा व्हॅनच्या सावलीत मांडी घालून बसला होता. स्टोव्हचं खोकं उलटं करून त्याने टेबल केलं. पेन्सिलने अक्षरं आखली, पुसली, पुन्हा आखली. हातोडी नव्हती, म्हणून वहिनीने किनाऱ्यावर वाहून आलेला एक ओंडका शोधून आणला. पटाशीचा ठक् ठक् आवाज, लाटा, आणि मधून मधून वहिनीचं “बास आता, खाऊन घ्या.” त्याने अक्षरं नेहमीपेक्षाही खोल घेतली. “रंग गेला तरी सावली पडली पाहिजे खाचेत,” म्हणाला. रंग त्याच्याकडे नव्हताच. शेवटी वहिनीने गाडीच्या ओरखड्यांसाठी ठेवलेला पांढऱ्या रंगाचा छोटा डबा काढून दिला. तो जेमतेम पुरला.

“खाली तुमचं नाव घाला,” वहिनी म्हणाली. “बारीक घाला, पण घाला.”

“नावाने कुणी मागे फिरणार आहे का?” असं म्हणून त्याने उरलेला रंग ‘बुडते’मध्ये भरला.

पाटी टेकवून दोघं उभे होते, तेवढ्यात किनाऱ्यावर गस्त घालणारी वनरक्षक बाई जीप घेऊन आली. तरुण, गणवेशातली, टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून एका हाताने धरलेली. आदल्या दिवशीच्या कुटुंबाने तिच्या चौकीवर जाऊन सगळं सांगितलं होतं. तिने पाटी बघितली आणि म्हणाली, “काका, परवानगीशिवाय इथे काही लावता येत नाही.”

“लावलेली नाही,” वहिनी म्हणाली. “आमच्या पलंगाची फळी आहे. जरा टेकवून ठेवलीय.”

बाई हसली नाही, पण तिच्या गालाची एक शीर हलली. ती वळली आणि चालत चालत पार वरपर्यंत गेली, जिथून पायवाट सुरू होते तिथपर्यंत. तिथे थांबून तिने मोठ्याने वाचलं, एकेक शब्द. मग खाली आली.

“कोऱ्या पाटीबद्दल मी वरती कळवलंय,” ती म्हणाली. “नवी यायला वेळ लागेल. तोवर ही राहील. वरती काय सांगायचं ते मी बघते.” आणि जीपमधून फावडं घेऊन आली.

तिघांनी मिळून कोरा पत्रा उतरवला आणि खांबांच्या बुडाशी माती ओढून दाबली. जुन्या पाटीचे खांब भक्कम होते, त्यांनाच फळी बोल्टाने आवळली. बाईने विचारलं, “तुम्ही हे काम करता का कुठे?” दादा म्हणाला, “करत होतो.” वहिनी म्हणाली, “करतात.”

उरलेली सुट्टी ते गादी वाळूवर टाकून झोपले. परत आले तेव्हा दोघांच्या कमरा धरल्या होत्या आणि दोघं काळेभोर झाले होते. आमच्याकडे जेवायला आले तेव्हा वहिनीने सगळी हकीकत सांगितली आणि दादा मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होता. “छातीइतकं नव्हतं, पोटाइतकं होतं.” “छातीइतकं होतं. मी वरून बघत होते.” एरवी हा माणूस वरचं मीठ मागायलाही लाजतो, त्या दिवशी त्याने मला कागद-पेन्सिल आणायला लावली आणि भ ची गाठ किती घेतली ते काढून दाखवलं. मी त्याची बहीण. मला त्या धावण्याचं कौतुक होतं, पण त्याला स्वतःला कशाचं कौतुक आहे ते मला त्या कागदावर दिसलं.

नवी पाटी काही महिन्यांनी आली, असं त्या वनरक्षक बाईंनी वहिनीला फोनवर सांगितलं. ती त्यांनी शेजारी लावली. दादाची काढली नाही. वर विचारलं तर म्हणे, ‘दोन असल्या तर बिघडतं कुठे?’ त्या बाईंनीच नंतर आजूबाजूच्या दोन-तीन किनाऱ्यांसाठी दादाला विचारलं, आणि आता त्यांच्या मागच्या पडवीत भुसा पडलेला असतो.

यंदाच्या सुट्टीत त्यांनी मलाही नेलं. व्हॅनला नवी फळी आहे. मी तंबूत झोपले. त्या किनाऱ्यावर आम्ही सकाळी उतरलो, तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. मी पाटीसमोर उभी राहिले. वर्षभराच्या वाऱ्याने लाकूड राखाडी झालं आहे, अक्षरं पांढरीच आहेत. मी वाचली, वर जाऊन परत वाचली. माझ्या भावाच्या हातचं मी आयुष्यभर शेडमध्ये भिंतीला टेकलेलं बघितलं होतं. इथे ते समुद्रासमोर उभं होतं. मी पदर लावून खारा वारा टिपल्यासारखं केलं, कारण वहिनीसमोर रडायची सोय नाही, ती वर्षभर सगळ्यांना सांगते.

दादा पाटीच्या पुढे, पहिल्या खडकाजवळ एका दगडावर जाऊन बसला होता, पाय सोडून. तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ नातवंडांना घेऊन वाट उतरू लागले. वरच्या वळणावर थांबले. खिशातून चष्मा काढला, तिथूनच पाटी वाचली, पाण्याकडे पाहिलं, आणि वाळूवर आल्यावर नातवंडांना म्हणाले, “आज इथवरच. वाळूत खेळा.” मग त्यांचं लक्ष दादाकडे गेलं. ते काठी टेकत पुढे आले.

“अहो,” ते जरा कडक आवाजात म्हणाले, “भरती चढतेय. इथे बसू नका. तिथे पाटी लावलीय, वाचली नाही वाटतं?”

दादा लगेच उठला. त्याने पँटची वाळू झटकली. मी वहिनीकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटून धरले होते आणि तिचे खांदे हसण्याने हलत होते.

“बरं झालं सांगितलंत,” दादा त्या गृहस्थांना म्हणाला. “इतक्या लांबून वाचता आली तुम्हाला?”

“लख्ख,” ते म्हणाले.

दादाने मान हलवली, त्यांचा हात धरून त्यांना ओल्या खडकावरून अलीकडे आणलं, आणि दोघं आमच्याकडे चहाला आले.